माझी चव गेली तो हंगाम

दोन हजार तेवीस साल. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. त्या माघात द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलं, घड खाली ओढले गेले, मांडवाखाली पिवळा उजेड साचला. सगळं दरवर्षीसारखं झालं. फक्त माझ्या जिभेवर काही आलं नाही.

यंदा पुन्हा माघ आलाय. सकाळी मी ओळीच्या तोंडाला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो. ऊन तिरकं आत शिरतं आणि एकेक मणी आतून पेटल्यासारखा दिसतो, कंदिलाच्या काचेसारखा. थॉमसन जातीच्या मण्यात बी नसते, त्यामुळे उजेडाला आत अडायला काही नसतं. डोळे अजून माझे आहेत. बोटं आहेत. डावा कान जड झालाय, पण कामापुरतं ऐकू येतं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबतात आणि विचारतात, "अण्णा, बाग कशी दिसतीया?" पूर्वी विचारायची, "कशी लागतीया?" मी उत्तर देतो. दिसायला चांगलीच दिसते.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढं शाळा होती, मी गेलो नाही. मास्तरानं मला उगाच मारलं होतं आणि चूक माझी नव्हती. आई रडली, बाप चिडला, शेवटी मास्तर स्वतः घरी आला. मी गेलो नाही तो नाही. तेव्हापासून लोक मला हट्टी म्हणतात आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. शिकलेलं माझ्यापाशी काही नव्हतं. जीभ होती.

आता चव नाही तर चवीच्या आठवणी फार येतात. कच्चा मणी फोडला की आंबट पाणी जबड्याच्या मुळाशी जाऊन बसायचं आणि एक डोळा आपोआप मिटायचा. पिकत आलेल्या मण्याची गोडी आधी जिभेच्या टोकाला यायची, मग कडांना पसरायची आणि शेवटी घशात एक हलकी खरखर ठेवून जायची. ती खरखर आली की समजावं, झालं, आता कात्री लावा. पाणी जास्त दिलेल्या बागेचा मणी गोड लागून लगेच विसरून जायचा, पाहुण्याच्या गोड बोलण्यासारखा. मचूळ विहिरीचं पाणी पाजलं असेल तर ते मी एका मण्यावर सांगत असे. आमच्या गावात बागेचा पहिला घड मारुतीला जातो. दुसरा माझ्याकडं यायचा. ताटलीत घालून, वर फडकं टाकून. मी तीन मणी खायचो. एक घडाच्या खांद्याचा, एक पोटाचा, एक शेपटाचा. शेपूट उशिरा पिकतं, ते सगळ्यांत खरं बोलतं. मग मी तोडणीचा दिवस सांगायचो. साखर मोजायची नळी आली, व्यापारी आले, निर्यातवाले आले, तरी गावानं ती ताटली बंद केली नाही.

नवीन जात लावायची तरी तेच. माझाच नियम होता तो. कुणी काड्या विकायला आला की मी म्हणायचो, तुझी काडी ठेव बाजूला, आधी मला फळ खायला घाल. सोनाका आली तेव्हा मी एसटीनं जाऊन दुसऱ्या तालुक्यातल्या बागेत उभं राहून घड खाल्ला होता. मी हो म्हणालो आणि गावात सोनाका लागली. माझं ते म्हणणं गावात असं पक्कं बसलं की पुढं मलाच त्यातून सुटायला वाट राहिली नाही.

त्या माघाआधीच्या भाद्रपदात ताप आला होता. साधाच. अंथरुणातून उठलो, सुरेखानं चहा दिला, तो गरम पाण्यासारखा लागला. सुरेखा माझी सून. मुलगा पुण्याकडं कंपनीत, बाग मी आणि ती बघतो. म्हटलं, तापाचं तोंड आहे, येईल चव. सोलापूरच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं, येईल हळूहळू. दसरा गेला, दिवाळी गेली. चिवडा म्हणजे कुरकुर आवाज, लाडू म्हणजे ओलसर माती. वासही गेला होता. गोठ्यात उभा राहिलो तरी गोठा आहे हे फक्त डोळ्यांना कळायचं. माणूस घरात असून घराबाहेर ठेवल्यासारखं वाटतं ते.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगायचं? पाय मोडला तर लोक येऊन बसतात, खोबरं-खारका आणतात. चव गेली म्हटलं की हसतील. आणि हसणाऱ्यांत टोमण्यांत पटाईत गणपतनाना सगळ्यांत पुढं असेल.

पौषात ताटल्या यायला लागल्या. मी मणी तोंडात टाकायचो, डोळे मिटायचो, आणि उजेडावर मघाशी पाहिलेला रंग, बोटांना लागलेला मऊपणा, देठाचा तपकिरीपणा आठवून बोलायचो, "थांब जरा. अजून पाणी हाय." बहुतेक बरोबर निघायचं. पण तोंडातला मणी ओल्या कापसासारखा असायचा आणि तो गिळताना मला घाम फुटायचा.

त्याच दिवसांत वाईनच्या कारखान्याचा माणूस गावात आला. म्हणाला, आमची जात लावा, काळी, बारीक, बी असलेली, माल आम्ही उचलतो. खायच्या द्राक्षाला त्या साली गिऱ्हाईक सुस्त होतं. लोकांना पटलं, पण पुरतं नाही पटलं. खुंट लावायचे दिवस निघून चालले होते. आधी रानात खुंट लावायचे, ते जोमात आले की पावसाळ्यात त्यांच्यावर कलम बांधायचं. रोपवाटिकेची गाडी बोलवायची की नाही, हे त्याच आठवड्यात ठरायला हवं होतं. मारुतीच्या पारावर दत्तू उभा राहिला. दत्तू आमचा बांधकरी, म्हणजे शेजारच्या रानाचा, वयानं माझ्या मुलाएवढा, तोंडाचा मोकळा. म्हणाला, "आपला नियम हाय न्हवं? आधी चाखायचं, मग लावायचं. द्राक्ष चाखायचं तर दारूच चाखू की! अण्णाला नेऊ. अण्णा व्हय म्हनला तर लावू, न्हाय म्हनला तर राहू द्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. दारू आजपर्यंत मी तोंडाला लावली नव्हती. पण माझं काळीज हललं ते त्यानं नाही. मी पारावर बसून होतो आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. ज्या तोंडात काही उरलं नव्हतं, त्याच्याकडं. नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चला की."

रहिमभाईची जीप ठरली. रहिमभाई म्हणजे आमच्या भागातला जुना ड्रायव्हर, आधी बेदाणा वाहायचा, आता माणसं वाहतो. आमची चाळीस वर्षांची ओळख. पुढं तो आणि मी. मागं गणपतनाना, दत्तू, आणखी दोघं-तिघं, आणि सगळ्यांत मागं खिडकीला सुरेखा, डोक्यावर पदर. औषधं, पाणी, छाटणी, मजूर बायांच्या ओळी, सगळं ती बघते. उद्या नवी जात आलीच तर राबणार तीच, म्हणून मीच म्हणालो होतो चल.

तीन कारखाने बघायचे होते. एक बार्शीच्या अंगाला, बाकीचे पश्चिमेला, उसाच्या पट्ट्यात, घराकडच्या वाटेवर. रस्त्यानं ज्वारी कणसात आली होती, हुरड्याचे धूर उठत होते. मला धूर दिसला. हुरड्याचा वास आठवायचा मी प्रयत्न केला तर नुसता शब्द आठवला.

वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली. दत्तूनं चहा रस्त्यावर ओतला. मला वाटलं, घाई झाली असेल. मी माझा कप रिकामा करून बाकावर ठेवला. रहिमभाई माझ्याकडं बघत होता.

पहिल्या कारखान्यात द्राक्षं उतरवायचं काम चालू होतं. काळ्या मण्यांच्या पाट्या, इतके बारीक मणी की आमच्याकडं असले घड विरळणीत काढून टाकतील. दोन माणसांना कवळता येणार नाहीत असल्या स्टीलच्या टाक्या. एका खोलीत लाकडी पिंपं आडवी निजवलेली आणि तिथं असा गारवा, की अंगावर काटा आला. मी एका टाकीला हात लावला. पत्रा गार होता आणि आतून अगदी बारीक थरथर होती, गाभण म्हशीच्या पोटाला हात लावल्यावर लागते तशी. आत काहीतरी जिवंत होतं. दिवसभरात तेवढंच मला खरं कळलं.

मग लांब टेबल. लांब दांडीचे ग्लास. काळा शर्ट घातलेली एक पोरगी, पुण्याकडची असावी, फार गोड बोलत होती. "आधी ग्लास असा फिरवायचा, मग वास घ्यायचा, मग छोटा घोट. तोंडात फिरवायचा. आणि नको असेल तर इथं टाकायचं." तिनं एक बादलीवजा भांडं पुढं सरकवलं.

"म्हंजी थुकायचं?" दत्तूनं विचारलं.

"हो सर. सगळे तसंच करतात."

"आमच्यात पाव्हन्याच्या घरात थुकत न्हाईत," मी म्हणालो. आणि पूर्ण ग्लास प्यालो.

गणपतनाना माळकरी. तो म्हणाला, "माझ्या गळ्यात माळ हाय. म्या निस्ता वास घेतो."

"घे, घे," दत्तू म्हणाला. "फकस्त नाक आत बुडवू नगं. मंग माळ नाकातनं बाटायची."

सगळे हसले. नाना बिचारा नाक ग्लासावर धरून गंभीर बसला होता. मी पण हसलो. तोपर्यंत सगळ्यांची हसणी थांबली होती आणि नजरा माझ्यावर आल्या होत्या.

काय लागलं ते खरं सांगतो. एक चटका, ओठांपासून छातीपर्यंत. आणि जीभ ओढली गेली, कोवळी बाभळीची शेंग चघळल्यावर ओढते तशी. बस्स. आंबट नाही, गोड नाही, फळ नाही, काही नाही. रिकाम्या घरात कुणी दार वाजवावं तसं. दार वाजलेलं कळलं. आत उठून बघायला कुणी नव्हतं.

"कशी हाय, अण्णा?"

"बघू," मी म्हणालो. "अजून दोन ठिकानं हायत."

त्यांना ते फार पटलं. दत्तू मागं त्या दोघांना सांगत होता, "बगितलं का? लगीच बोलत न्हाय मानूस. तोलतोय."

दुसऱ्या कारखान्यात मी पुन्हा सगळे ग्लास रिते केले. कान तापले. टेबलाची कड हाताला लांब लांब वाटायला लागली. तिथला माणूस म्हणाला, यात मिरीचा वास आहे, यात पेरूचा. गणपतनाना म्हणाला, "व्हय की, पेरू हाय." दत्तू म्हणाला, "पेरू असू दे, मला तर कुळथाच्या कढनाचा वास आला." ज्याला त्याला काहीतरी मिळत होतं. माळ घातलेल्या माणसाला नुसत्या वासावर पेरू मिळाला. मी ग्लास उजेडाला धरला. रंग सुंदर होता. सांजेला डाळिंबाच्या बागेवर ऊन पडतं तसा. मी बराच वेळ रंगच बघत राहिलो, म्हणजे कुणी विचारू नये.

तेव्हा माझं लक्ष सुरेखाकडं गेलं. ती टेबलाच्या टोकाला बसली होती. तिच्यापुढचा ग्लास तिनं हलवलासुद्धा नव्हता. तिथल्या बाई म्हणाल्या, "घ्या ना ताई, घोटभरच."

सुरेखानं मान हलवली. "नगं. मामा बसल्यात."

त्या बाईंना ते समजलं नाही. आमच्या लोकांना समजलं आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. सासरा समोर असताना सून साधा चहाचा कप तोंडाला लावत नाही, ही तर दारू.

मी मात्र तिच्या त्या भरल्या ग्लासाकडं बघत राहिलो. कारण तिची जीभ मला माहीत होती. लग्न होऊन आली त्या साली, तोडणीत मागं राहिलेले घड वेचताना ती मजूर बायांना म्हणाली होती, "ह्या कोपऱ्याच्या ओळीला मचूळ पानी लागलंय." बायांनी तिला वेड्यात काढलं होतं. मी पलीकडच्या ओळीत होतो. त्याच सकाळी मला तीच चव लागली होती. मी काही बोललो नाही. सुनेला काय म्हणायचं, तुला माझ्यासारखं कळतं म्हणून? आणि पुढची सगळी वर्षं ताटली माझ्याकडंच येत राहिली, आणि ती माझ्यापुढं ठेवायचं काम तिच्याकडं.

म्हणजे असं बघा. त्या टेबलावर एक जीभ होती जी बोलली असती, तर ती माझ्यामुळं गप्प होती. आणि जी बोलणार म्हणून सगळे थांबले होते, ती मेलेली होती. दोन शब्दांचं काम होतं. 'घे, पोरी.' ते दोन शब्द मला आले नाहीत. सगळं गाव बसलं होतं. दत्तूनं जन्मभर ते पारावर सांगितलं असतं. खरंतर दत्तूचं निमित्त आहे. माझाच हट्ट मला उठू देईना.

तिसऱ्या कारखान्यात पोचलो तेव्हा उन्हं कलत होती. रहिमभाई घाई करत होता, "जल्दी निपटाव, अण्णा. अंधेरा होने से पहले घर पहुँचना." पुन्हा टेबल, पुन्हा ग्लास. तिथं खायला काजूही होते. पहिला ग्लास भरला आणि मी खुर्ची मागं सारून उभा राहिलो.

"मी जरा बाहीर बसतो. हितं लई गारठा हाय."

"आन् चाखायचं कुनी?" गणपतनाना म्हणाला.

"माझं दोन ठिकानी चाखून झालंय. तुमी घ्या."

सुरेखाकडं मी बघितलं नाही. बघितलं असतं तर ती उठली असती.

बाहेर कडुलिंबाखाली जीप उभी होती. रहिमभाई मागच्या चाकापाशी बसून खारे दाणे खात होता. मी त्याच्याजवळ दगडावर टेकलो. पाय हलके झाले होते आणि डोकं जड. त्यानं दाण्यांचा पुडा माझ्यापुढं धरला. मी चार दाणे तोंडात टाकले.

"कैसे हैं?"

"चांगलं हायत. खारट."

"खारट कायकू बोलते जी? कागज पे लिखा है इसलिए?" तो हळूच म्हणाला. "सुबू की चाय फटेली थी, अण्णा. सबने फेक दी. तुमने पूरी पी ली."

मी तोंडातले दाणे गिळले.

"कबसे?"

"भाद्रपदापास्नं."

"घर में बोले?"

"काय बोलू? जीभ मेली म्हनून सांगू? लोकं तिच्यासाठी मला हितं घिऊन आल्यात."

तो दाणे चघळत राहिला. मग म्हणाला, "मेरा भी एक सुनो. दिन बुडा की मुझे रस्ता नै दिखता. सामने की लायटां फूट जाते आँख में. इसलिए जल्दी करता मैं."

"आरं, आन् तू आमाला जीपीत घालून आनलास?"

"दिन में दिखता ना!" तो चिडून म्हणाला. "दिन में एकदम साफ दिखता."

आम्ही दोघं हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते थांबेना, त्यात प्यालेली दारू असेल. समोर कारखान्याची मोठी काच होती. आतलं सगळं दिसत होतं, आवाज मात्र येत नव्हता. सुरेखा आमच्याकडं पाठ करून बसली होती. पदर खांद्यावर उतरला होता. इतक्या वर्षांत तिचे केस मी पहिल्यांदा बघितले. पिकायला लागले होते. तिनं ग्लास उचलला, आणि एक हात टेबलावर सपाट ठेवला. मीही तसाच ठेवतो. चाखताना दुसरा हात कशावर तरी टेकवायचा, म्हणजे अंग गप्प राहतं. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

मी तोंड फिरवलं आणि रस्त्यावरनं जाणारा ऊस बघत बसलो.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सगळे वाट बघत होते. शेवटी गणपतनानाच म्हणाला, "दिसभर प्यालास, अण्णा, आन् तोंडातनं सबूद न्हाय. जीभ तितंच गहान ठिवून आलास का काय?"

मागं हसू फुटलं. रहिमभाईनं उगाच हॉर्न वाजवला.

"उद्या सकाळी माझ्या पडवीत या," मी म्हणालो. "तितं सांगतो."

का असं म्हणालो, मला माहीत नाही. सांगायला सकाळीही माझ्यापाशी काही असणार नव्हतं. एक रात्र फक्त मागून घेतली, बस्स. दिवस बुडायच्या आत रहिमभाईनं आम्हाला वेशीत आणून सोडलं आणि लगेच गाडी घराकडं वळवली.

दिवेलागणीला सुरेखानं ताट वाढलं. भाकरी, आमटी, कांदा. मी जेवायला लागलो. ती दाराच्या चौकटीपाशी नेहमीसारखी पदर धरून उभी होती.

"मामा, आमटीला मीठ बरं हाय का?"

"हाय की."

"घातलंच न्हाय म्या," ती म्हणाली.

घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. बाहेर म्हैस दावणीला ओढ देत होती, तिची साखळी वाजत होती.

"पावसाळ्यापास्नं बघतीया," ती म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "आदी रोज वरडायचा मिठावनं. आजारातनं उठल्यापास्नं एक दिस वरडला न्हाईत. मंग म्या मधनं मधनं मीठ घालायचं सोडून बघितलं. कुनाला बोलले न्हाय."

म्हणजे मी घराच्या भिंतीआड जे लपवत होतो, ते घरातच चुलीवर रोज शिजत होतं. मी तिच्यावर रागवायला बघितलं. राग आला नाही. मी अळणी आमटी शेवटपर्यंत जेवलो. दुसरं काय करणार होतो? त्या घटकेला माझ्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं. ती पाणी ठेवून आत गेली. त्या तिसऱ्या कारखान्यातली तुला कशी लागली, हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही. तिनंही आपणहून सांगितलं नाही.

आता बांधाकडच्या थोड्या ओळी काळ्या आहेत. बारीक घड, जाड सालीचे. सगळं रान मोडू नका, कडेला थोडं लावा, दोन हंगाम बघा, असं गावाला सांगितलं गेलं आणि गावानं ते ऐकलं. पक्षी त्या ओळींवर फार तुटून पडतात. पक्ष्यांना काहीतरी लागत असणार. परवा मी त्यातला एक मणी तोंडात टाकला. साल दातांना लागली, बी कडकन फुटली, जीभ ओढली गेली. तीन वर्षं होत आली, दार अजून नुसतं वाजतंय. मी अजून सकाळी उठलो की आधी मिठाचा खडा जिभेवर ठेवून बघतो. हट्ट आहे. जाणार नाही तो.

तर त्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पडवीत आले. रहिमभाईही आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दत्तू रिकाम्या हातानं आला नव्हता. त्याच्या बागेतला घड ताटलीत होता, वर फडकं. म्हणाला, "दारूचं सांगा, आन् ह्येबी चाखून घ्या, अण्णा. तोडनीचा दिस द्या."

मी ताटली हातात घेतली. सुरेखा दारात होती. मी खुर्चीतून उठलो, ताटली तिच्या हातात दिली आणि परत बसलो.

"माझी जीभ गेली," मी लोकांना म्हणालो. "भाद्रपदापास्नं गेलीया. दारूचं आन् घडाचं, दोन्ही हिला इचारा. काल हिनं चाखलंय."

गणपतनानानं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला टोमणा सुचला नाही आणि तेच मला जास्त लागलं. सुरेखा ताटली धरून तशीच उभी. पदर आणखी पुढं ओढलेला. सगळे तिच्याकडं बघत होते आणि ती माझ्या पायांकडं. मग माझ्या ध्यानात आलं. मी समोर बसलो होतो.

मी खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. भिंतीचा पोपडा निघाला होता. मागं देठावरून मणी तुटल्याचा आवाज झाला. तो खांद्याचा असणार. मग जरा थांबून दुसरा, पोटाचा. मी भिंतीकडं बघत राहिलो आणि ती शेपटाचा कधी तोडते याची वाट बघत बसलो.